पोस्टर उतरल्यानंतरचं काम : विद्यापीठात संवाद-गट कसा चालवायचा

विद्यापीठात सामाजिक न्यायाबद्दल जागृती करायची म्हटलं की आधी पोस्टर लागतं, मग पाहुण्यांचं व्याख्यान होतं, मग एखादा दिन साजरा होतो. २० फेब्रुवारी सामाजिक न्यायाचा, २१ मार्च वंशभेदाविरुद्धचा, ३ डिसेंबर अपंग व्यक्तींचा. यात वाईट काही नाही. पण पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्यांना सगळं आधीच पटलेलं असतं आणि ज्याला पटलेलं नाही तो हजेरीपुरता मागे बसून मोबाइल बघतो. दोघेही आले तसे घरी जातात.

इथे सांगितलेलं काम लहान आहे आणि त्याला चिकाटी लागते. निरनिराळ्या पार्श्वभूमीचे बारा ते सोळा विद्यार्थी आठवड्यातून एकदा दोन तास भेटतात, असे सहा आठवडे. माणसं तीच, खोली तीच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अशा आंतरगट संवादाचा कार्यक्रम १९८८ पासून आहे. त्याचा ढाचा चार टप्प्यांचा : आधी ओळख आणि विश्वास, मग सारखेपणा आणि फरक, मग टोचणारे विषय, शेवटी कृती. पहिले दोन टप्पे गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारणं, ही नवख्यांची सगळ्यात सर्रास होणारी चूक.

नुसतं एका खोलीत बसवून पूर्वग्रह जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये यासाठी चार अटी मांडल्या : खोलीत सगळ्यांचा दर्जा समान, उद्दिष्ट सामायिक, स्पर्धेऐवजी सहकार्य आणि संस्थेचा उघड पाठिंबा. पुढे २००६ मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. त्यात दिसलं की संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो. खालचा प्रत्येक निर्णय या चार अटींपैकी कुठल्या तरी एकीसाठी आहे. कुठे अडलात तर ‘कुठली अट मोडतेय?’ हे आधी विचारा.

पहिली पायरी : आवार मोजा

सत्रं सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी चार-पाच जणांनी टेप आणि वही घेऊन आवारात फिरायचं. त्यात शक्यतो एक जण व्हीलचेअर किंवा काठी वापरणारा असावा, पण त्याला ‘दाखवण्यासाठी’ नेऊ नका. मोजण्याच्या कामात बरोबरीने घ्या.

रॅम्पचा उतार एकास बारा हवा. पायरी १५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प किमान १८० सेंटीमीटर लांब लागतो. पुष्कळ इमारतींत रॅम्प असतो, पण इतका उभा की मागून ढकलणाऱ्याचाच दम निघतो, आणि कागदावर मात्र ‘सोय उपलब्ध’. दाराची मोकळी रुंदी पल्ला उघडून मोजायची, चौकट धरून नाही. ती ८० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर नोंद करा. स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळायला साधारण १५० सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तिथे बादल्या आणि झाडू ठेवलेले सापडतील. तेही लिहा.

टेपने न मोजता येणारी यादी याहून मोठी असते. शिष्यवृत्तीधारकांची नावं प्रवर्गासकट फलकावर लागतात का? शिष्यवृत्ती जमा होण्याआधीच शुल्काची मुदत संपते का? अर्ज कुठल्या भाषेत आहेत आणि घरात पहिल्यांदाच कोणी इथवर शिकायला आलं असेल तर त्याला ते भरायला मदत कोण करतं? प्रात्यक्षिकाच्या गटात दरवेळी टिपणं काढायचं काम मुलींकडेच का जातं? दिवसा काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय बंद होण्याआधी पोचता येतं का? यातून दहा-बारा अडथळ्यांची यादी तयार होईल. ती जपून ठेवा, सहाव्या सत्रात लागणार आहे.

दुसरी पायरी : गट जमवा

सक्ती नको. कंपन्यांतल्या सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणांवर फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. सक्तीने लोक चिडतात आणि हाती फारसं लागत नाही, काही वेळा उलटच परिणाम होतो, असं त्यांना आढळलं. हजेरीचे गुण किंवा प्रमाणपत्राचं आमिषही टाळलेलं बरं. बसायला माणसं मिळतात, बोलायला मिळत नाहीत.

एका पानाचा अर्ज ठेवा. त्यात तीनच प्रश्न पुरेत : कशासाठी यायचंय, सहाही दिवस जमेल का, आणि स्वतःची कुठली ओळख तुम्हाला महत्त्वाची वाटते. तिसरा प्रश्न उघडा ठेवायचा, खाली चौकोन छापायचे नाहीत. जात, वर्ग, धर्म, लिंग, लैंगिकता, वंश, भाषा, अपंगत्व, गाव-शहर यांतलं काय सांगायचं आणि काय झाकायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. जिथे आडनावावरूनच सगळं कळतं तिथे अर्जावर आणि नावाच्या चिठ्ठीवर फक्त हाक मारायचं नाव ठेवा.

निवडताना एकच नियम कडक पाळा : कोणीही आपल्या पार्श्वभूमीचा एकटा नको. एकटा असला की तो माणूस उरत नाही, प्रतिनिधी होतो. ‘तुमच्यात काय असतं?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे वळतो आणि आपल्या समाजाचं वकीलपत्र घेऊन त्याला सहा आठवडे काढावे लागतात. निदान दोघं हवेत, तीन असतील तर उत्तम, कारण तिघांत मतभेद होतात आणि ‘हे लोक असेच’ ही समजूत आपोआप ढासळते. दुसरा माणूस मिळत नसेल तर आधी त्या एकट्याशी मोकळेपणाने बोला आणि निर्णय त्याच्यावर सोपवा.

बारा हवे असतील तर सोळा घ्या, दोन-तीन गळतातच. दुसऱ्या सत्रानंतर मात्र नवीन माणूस घ्यायचा नाही. एक नवा चेहरा आला की साचलेला विश्वास पुन्हा शून्यावर येतो.

तिसरी पायरी : दोन सुलभक

सुलभक म्हणजे गटातला संवाद चालवणारा. असे दोन हवेत आणि त्यांची पार्श्वभूमी वेगवेगळी हवी. एक बोलत असताना दुसऱ्याने चेहरे बघायचे. दोघांनी शेजारी न बसता वर्तुळात समोरासमोर बसायचं, म्हणजे नजरेने खुणावता येतं. प्राध्यापक सुलभक चालतील, पण जे आपल्या गुणपत्रिकेवर सही करतात त्यांच्यासमोर कोण मोकळं बोलणार? दुसऱ्या विभागाचे घ्या, नाहीतर वरच्या वर्गातले विद्यार्थी तयार करा.

तयारीला दोन पूर्ण दिवस द्या. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः सगळे उपक्रम करून बघायचे. दुसऱ्या दिवशी नुसता सराव, आणि त्यातही सगळ्यात जास्त सराव गप्प बसण्याचा. प्रश्न विचारल्यावर मनात आठपर्यंत मोजायचं. नवखा सुलभक तिसऱ्या अंकालाच अस्वस्थ होतो आणि आपणच उत्तर देऊन मोकळा होतो. मग पुढच्या प्रश्नालाही सगळे त्याच्याच तोंडाकडे बघतात.

काही वाक्यं तोंडात बसवून ठेवा. ‘हे तुझ्याबाबत घडलंय की ऐकलंयस?’ ‘तू म्हणालास त्यातला कुठला शब्द तिला लागला असेल?’ ‘इथे जरा थांबू या, दोन मिनिटं सगळे वहीत लिहा.’ यातलं शेवटचं वाक्य हुकमी. आवाज चढले, कोणी रडवेलं झालं, किंवा स्वतःलाच काय करावं सुचेना, तिन्ही वेळा ते उपयोगी पडतं.

चौथी पायरी : पहिलं सत्र आणि करार

खोलीत टेबलं नकोत. खुर्च्या गोल मांडा, एक रिकामी जागा व्हीलचेअरसाठी आधीच सोडा आणि दार सहज गाठता येईल असं ठेवा. ऐकायला कमी येणारं कोणी असेल तर त्याची जागा आधी त्यालाच विचारून ठरवा.

पहिली पंचवीस मिनिटं कराराची. नियम तुम्ही छापून आणू नका. ‘इथे मोकळं बोलायला तुला काय लागेल?’ असं विचारून फळ्यावर येतील तसे लिहा. चार गोष्टी आल्या नाहीत तर तुम्ही सुचवा : माणसाची गोष्ट खोलीतच राहील, त्यातून शिकलेलं बाहेर नेता येईल; बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचा हक्क; मी माझ्यापुरतं बोलेन, ‘आम्ही सगळे’ म्हणणार नाही; रेकॉर्डिंग आणि फोटो बंद. गुप्ततेची मर्यादाही तेव्हाच सांगा. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा छळाची तक्रार असेल तर सुलभकाला ती योग्य ठिकाणी पोचवावी लागू शकते. हे चौथ्या सत्रात सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

उरलेल्या वेळात जोड्या. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, ‘हो ना, माझंही असंच’ सुद्धा नाही. मग उलट. विषय साधा ठेवा : तुझं नाव कोणी आणि का ठेवलं, घरी कुठल्या भाषेत भांडता. दुसऱ्याचं ऐकताना आपल्या जिभेवर काय काय येतं हे कळणं, एवढंच पहिल्या दिवसाचं फलित पुरे.

पाचवी पायरी : मधली चार सत्रं

दुसरं सत्र ओळखींचं. प्रत्येकाने मध्ये नाव लिहून भोवती आठ वर्तुळं काढायची आणि प्रत्येकात आपली एक ओळख लिहायची. जिची रोज आठवण करून दिली जाते तिच्यावर एक खूण, जिचा कधी विचारच करावा लागत नाही तिच्यावर दुसरी. गंमत दुसऱ्या खुणेत आहे. ज्याला जिना कधी मोजावा लागला नाही त्याने ‘धडधाकट’ ही ओळख मुळात लिहिलेलीच नसते. कागद गोळा करू नका, ते ज्याचे त्याने न्यावेत.

याच सत्रात अनेक जण ‘प्रिव्हिलेज वॉक’ घेतात : सगळे एका रेषेत उभे, ‘घरात पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे’, ‘शुल्कासाठी कर्ज काढलं त्यांनी एक पाऊल मागे’. दिसायला परिणामकारक, पण मागे राहिलेला सगळ्यांसमोर उघडा पडतो आणि त्याच्याकडे पाठ करून पुढे उभ्या असलेल्यांना धडा मिळतो. एकाच्या जखमेवर दुसऱ्याचं शिक्षण, हा या क्षेत्रातला जुना रोग. त्याऐवजी चिठ्ठ्या वापरा. बारा विधानांची चिठ्ठी निनावी भरायची, त्यावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ला खूण. सगळ्यांना एकाच रंगाचे पेन द्या. चिठ्ठ्या गोळा करून पिसायच्या आणि पुन्हा वाटायच्या. आता प्रत्येक जण हातातल्या चिठ्ठीप्रमाणे पाऊल टाकतो. शेवटी ‘तू जिच्या जागी उभी आहेस तिचा सोमवार कसा जात असेल?’ असं विचारा. अक्षर ओळखू येईल म्हणून चिठ्ठीवर एकही शब्द लिहायला लावू नका.

जेन इलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये आयोवातल्या तिसरीच्या वर्गात केलेला निळ्या आणि तपकिरी डोळ्यांचा, म्हणजे डोळ्यांच्या रंगावरून मुलांना वरचं-खालचं ठरवण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तोही नवख्यांनी हातात घेऊ नये. अपमान करून अपमान शिकवायचा तर तो आवरायला दांडगा अनुभव लागतो. सुप्त पूर्वग्रहाची संगणक-चाचणी १९९८ पासून वापरात आहे, पण तीच चाचणी पुन्हा दिल्यावर गुण बरेच बदलू शकतात. ‘तू इतके टक्के पक्षपाती’ असा शिक्का तिच्यावरून मारू नका.

तिसरं सत्र एका खटल्याचं. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी केलेल्या दाव्याचा निकाल १९७६ मध्ये लागला. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलंच नव्हतं. मंदीत ‘शेवटी आला तो आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सगळ्या गेल्या. न्यायालयाने म्हटलं, स्त्री म्हणून दावा करा किंवा वर्णावरून करा, दोन्ही मिसळून तिसरं काही करता येणार नाही. आणि कंपनीत स्त्रिया तर होत्या, गोऱ्या.

गटाला आधी निकाल सांगू नका. फळ्यावर दोन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता काढा : स्त्री-पुरुष, गोरे-कृष्णवर्णीय. ‘इथे स्त्रियांना नोकरी होती का?’ होती. ‘कृष्णवर्णीयांना होती का?’ होती, कारखान्यात, पुरुषांना. मग चौथ्या चौकोनावर बोट ठेवा आणि गप्प बसा. किंबर्ली क्रेनशॉ या कायदेतज्ज्ञ स्त्रीने १९८९ मध्ये याच खटल्याच्या आधारे ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द मांडला : दोन ओळखी एकमेकींना छेदतात तिथे होणारा वेगळाच अन्याय. तो शब्द चौकोन दिसल्यानंतरच सांगायचा, आधी सांगितला तर वहीत जातो आणि तिथेच राहतो. उरलेल्या तासाभरात गटाने आपल्या आवारातला चौथा चौकोन शोधायचा : मुलींचं वसतिगृह आहे, अपंगांसाठी खोल्या आहेत, पण अपंग मुलीसाठी? शिष्यवृत्ती आहे, पण अर्जाच्या भाषेत अडणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या ट्रान्स विद्यार्थ्यासाठी?

चौथं सत्र टोचणारं. आरक्षण आणि गुणवत्ता, धर्माचं दर्शनी चिन्ह, विनोद की अपमान, यांतला विषय गटानेच मागच्या सत्रात मतदानाने निवडलेला असावा. पद्धत ठरलेली ठेवा : पाच मिनिटं लेखन, मग प्रत्येकी दीड मिनिट एक फेरी मध्ये न बोलता, त्यानंतरच खुली चर्चा. वादविवाद स्पर्धेची सवय असलेल्यांना हे अवघड जातं. ते मुद्दा खोडायला टपलेले असतात. त्यांना सांगा, आधी समोरच्याचं म्हणणं त्याला ‘बरोबर’ म्हणावंसं वाटेल अशा शब्दांत मांड, मग आपलं बोल.

इथे बिघाड हमखास होतो. कोणी दुखावणारं बोलला तर दोन गोष्टी, याच क्रमाने : ज्याला लागलं त्याच्याकडे आधी लक्ष, बोलणाऱ्याच्या हेतूकडे नंतर. ‘त्याला तसं म्हणायचं नव्हतं’ हे सुलभकाच्या तोंडून निघालं की समजा, खोली हातची गेली. पण बोलणाऱ्याला झोडपूही नका. शब्द फळ्यावर लिहा, तो कुठून येतो ते गटाला विचारा. आणि ज्याच्या समाजाबद्दल बोललं गेलं त्याला ‘तू सांग ना’ म्हणू नका. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. अपराधी वाटून रडणाऱ्याभोवती सगळे गोळा होतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच त्याची समजूत काढत बसतो, असंही होतं. तेव्हा दहा मिनिटांची सुट्टी जाहीर करा. एका सुलभकाने बाहेर जावं, दुसऱ्याने आत थांबावं.

पाचवं सत्र मध्ये पडण्याचं. डार्ली आणि लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. मेसमध्ये कोणाची थट्टा चालते तेव्हा नेमकं हेच होतं. मार्ग पाच : विषय वळवणं, अधिकार असलेल्याला बोलावणं, नोंद ठेवणं, नंतर जाऊन विचारपूस करणं, आणि थेट बोलणं. नवख्यांना पाचवाच खरा वाटतो, म्हणून ते काहीच करत नाहीत. चार-चारच्या गटात प्रसंग वठवा, प्रत्येकाने निदान तीन मार्ग तोंडाने बोलून बघावेत. ज्याची थट्टा होते ती भूमिका त्या समाजाच्या विद्यार्थ्याला देऊ नका.

सहावी पायरी : एक अडथळा हलवा

सहावं सत्र कृतीचं. आता पहिल्या पायरीतली अडथळ्यांची यादी बाहेर काढा. तीन प्रश्नांवर गाळा : दोन महिन्यांत होण्यासारखं आहे का, कोणाच्या सहीने होतं हे माहीत आहे का, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनाच ते महत्त्वाचं वाटतं का. तिसऱ्यात पुष्कळ गोष्टी गळतात. भित्तिचित्र सगळ्यांना आवडतं, पण रॅम्पखाली कायम उभ्या असलेल्या मोटरसायकली कोणाला तरी हलवायच्या असतात.

एकच अडथळा निवडा. एका पानाचं निवेदन करा : काय अडतं ते एका ओळीत, मोजमाप आणि फोटो, किती जणांना अडतं, नेमकं काय हवं, कोणत्या तारखेपर्यंत. ‘संवेदनशीलता वाढवावी’ असली मागणी लिहू नका, ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ‘शिष्यवृत्तीची यादी फलकावर न लावता संदेशाने कळवावी’ ही मागणी झाली. निवेदन दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. सही मागायला कोण जाणार, हे तिथेच ठरवा. दरवेळी तोच एक दलित किंवा अपंग विद्यार्थी पुढे ढकलला जात असेल तर गटाने पाच सत्रांत काही ऐकलं नाही असंच म्हणावं लागेल.

सातवी पायरी : काय बदललं ते बघा

‘कार्यक्रम कसा वाटला’ याला सगळे ‘छान’ लिहितात. त्यापेक्षा प्रत्येक सत्रात एका सुलभकाने कागदावर खुर्च्यांचा नकाशा काढून बोलणाऱ्याच्या जागी एकेक रेघ मारावी. पहिल्या आणि सहाव्या सत्राचे कागद शेजारी ठेवले की कोणाची जागा मोकळी झाली आणि कोण अजून सगळ्यांच्या वाटचं बोलतंय ते डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या सत्रानंतर कागद उघडून बघायचाच, तोवर सुधारायला वेळ असतो.

तीन महिन्यांनी सगळ्यांना तीन प्रश्न पाठवा : गटातल्या कोणाशी गटाबाहेर बोलणं झालं का, कुठे मध्ये पडलात का आणि त्याचं काय झालं, निवेदनाचं पुढे काय झालं. उत्तरं निनावी घ्या. अहवालात पाचपेक्षा कमी माणसं असलेला वर्ग वेगळा दाखवू नका, नाहीतर ‘एका विद्यार्थिनीने सांगितलं’ म्हटल्यावर ती कोण हे सगळ्या विभागाला कळतं. नकाशाचे कागद, अडथळ्यांची यादी आणि पोच असलेलं निवेदन एका फाइलमध्ये पुढच्या सुलभकांना द्या. वैयक्तिक गोष्टींची टिपणं मात्र त्यात जाता कामा नयेत. ती आधी फाडून टाका.